मदत हवी आहे: लस टोचल्यावर बाळ दुखून रडतंय की आणखी कशाने, कसं ओळखायचं?

कोरांटी:
नमस्कार. बाळंतपणासाठी माहेरी, कराडजवळ आले आहे. लेक आता दोन महिन्यांची झाली. दीड महिन्याच्या लसी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिल्या. तोंडात थेंब, दोन्ही मांड्यांना एकेक सुई आणि उजव्या दंडावर एक बारीकशी. सिस्टरनी आधीच बजावलं होतं की डाव्या मांडीची 'दुखरी' आहे, ताप येईल. आला, पॅरासिटॅमॉलने उतरलाही. पण संध्याकाळपासून थांबून थांबून जे रडणं चाललं त्याने घर हादरलं.

प्रत्येकाचं निदान वेगळं. आई म्हणे भूक. आजी म्हणे वात धरलाय, बेंबीभोवती हिंग लाव आणि गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दे, झोपेल. वहिनी म्हणे दृष्ट. नवरा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, 'इंजेक्शनचं दुखतंय, औषधाचा अजून एक डोस दे.' मालीशवाल्या बाई दुसऱ्या दिवशी गाठ मोडते म्हणून मांडीच रगडायला निघाल्या, त्यांना कसंबसं थांबवलं.

आता अडीच महिन्याची लस जवळ आली. दुखण्याचं रडणं ओळखायची काही रीत आहे का? आणि सुई टोचताना अंगावर पाजलं तर चालतं का? आजी म्हणते ठसका लागेल, सिस्टर टेबलावर निजवून पाय घट्ट धरायला सांगतात. त्या फार चांगल्या आहेत, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये.

'पहिलं मूल आहे म्हणून घाबरतेस' हे ऐकून झालंय, ते सोडून काहीही सांगा.

खारीक_बदाम:
मीठमोहऱ्या ओवाळून टाक, तेवढ्याने वहिनी गप्प होतील आणि बाळाला काही अपाय नाही. फक्त ओव्याची धुरी वगैरे नको, इवल्या छातीला धूर सोसत नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

चिमणचारा:
नवजात विभागात नर्स आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आवाजावरून सगळं कळतं असं बरेच जण सांगतात, मी त्यावर फार विसंबत नाही. भुकेचं रडणं लांबलं की तेही किंचाळण्यावर जातं. त्यापेक्षा चेहरा बघ. दुखत असलं की भुवया खाली ओढल्या जाऊन मधे फुगवटा येतो, डोळे गच्च मिटतात, नाकापासून ओठाच्या कडेपर्यंतची घडी खोल होते, तोंड उघडं आणि जीभ ताठ. आमच्याकडे चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ कितपत बेचैन आहे अशा सहा गोष्टींना मिळून ७ पैकी गुण देतात. दोन महिन्यांपुढच्या बाळांसाठी फ्लॅक नावाची मोजणी आहे. त्यात चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. घरी गुण मांडत बसू नकोस. पण त्यातली शेवटची गोष्ट कामाची आहे: उराशी घेतलं, पाजलं, तर किती वेळात शांत होते?

भुकेलं बाळ मूठ चोखतं, मान वळवून शोधतं आणि स्तन मिळाला की विषय संपतो. सुईच्या जागेचं दुखत असेल तर घेतल्यावर थांबेल, पण लंगोट बदलताना त्या मांडीला धक्का लागला की पुन्हा किंचाळेल. आणि रोज साधारण त्याच वेळी, संध्याकाळी, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडत असेल तर तो कॉलिक. तो बहुतेक बाळांत सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जोरात असतो, म्हणजे नेमका दीड महिन्याच्या लसीच्या सुमारास! तेव्हा दोन्ही एकावर एक आलं असणं सहज शक्य आहे. आजींचं निदान अगदीच टाकाऊ नाही, औषध मात्र नको. जायफळाने बाळाला गुंगी येते, दुखणं जात नाही. सहा महिने अंगावरचं दूधच, आणि मध तर वर्षापर्यंत बोटावरही नको.

मांडीवर मालीश नाही, शेक नाही. थंड पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ ठेव. बारीक गाठ काही आठवडे राहते, ती दुखत नसेल तर आपोआप जिरते.

पाजण्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस देताना दुखणं कमी करण्याबद्दल जी शिफारस केली तिच्यात हेच आहे. बाळ निजवलेलं नको, आईच्या मांडीवर हवं, सुईच्या थोडं आधीपासून आणि सुई टोचतानाही स्तनपान. ठसक्याची भीती वाटत असेल तर बाळाचं डोकं वर ठेव आणि सुईच्या आधी तिने नीट धरलंय ना बघ. सिस्टरना खुर्चीत बसल्यावर नको, रांगेत असतानाच सांग: 'ताई, थेंब आधी देऊन घ्या, मग मी पाजायला घेते, मांडी मोकळी करून पाय मी धरते.' त्यांना फक्त पाय हलायला नको असतो. तो धरलेला दिसला की बहुतेक जणी तयार होतात.

डॉक्टरकडे कधी? लसीनंतर तीन तासांहून जास्त सलग, कशानेच न थांबणारं रडणं. असं झालं तर केंद्रातही कळव, त्याची नोंद घेतात. दोन दिवसांपुढे ताप, दूध ओढत नाही, झटके, हिरवी उलटी, कळ आल्यासारखं थांबून थांबून रडणं आणि शीमध्ये रक्त, जांघेत फुगवटा, यातलं काहीही दिसलं तर थांबू नकोस. आणि हे उलटं वाटेल, पण फार आजारी बाळ पुष्कळदा रडतच नाही. मऊ पडलेलं, गप्प बाळ मला रडणाऱ्यापेक्षा जास्त घाबरवतं.

डोंगरवाट:
वरच्यात एक भर. न थांबणारं रडणं असलं की सगळे कपडे काढून बाळ नखशिखांत बघा. आमच्या लेकाच्या पायाच्या बोटाला बायकोचा केस गुंडाळला गेला होता, बोट लालजांभळं झालेलं. मोज्याच्या आत असल्याने दिसत नव्हतं. बाळंतपणानंतर केस गळतातच, म्हणून मोजे उलटे करून झटकायची सवय लावा. केस रुतला असेल तर घरी सुरी-कात्री घेऊन प्रयोग नकोत, थेट दवाखाना.

आप्पा_दापोली:
आमच्या वेळी एवढं कोण बघत होतं? सुई टोचली, पोर रडलं, दोन मिनिटांत विसरलं. एवढ्याशा जिवाला कितीसं कळतं!

चिमणचारा:
आप्पा, रागावू नका, पण 'कळत नाही' हे डॉक्टरांनाही बराच काळ वाटत होतं. १९८०च्या दशकापर्यंत कितीतरी ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलीशिवाय होत. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डला असताना दाखवलं की अशा वेळी बाळाच्या शरीरावर भयंकर ताण येतो आणि नीट भूल दिली तर बाळं जास्त चांगली सावरतात. १९८७चं काम आहे ते. त्यानंतर सगळं बदलत गेलं.

कोरांटी:
सगळ्यांचे आभार. चिमणचारा, कपडे काढून बघितलं, फुगवटा वगैरे काही नाही. रडणं आता संध्याकाळचंच उरलंय, म्हणजे कॉलिकच असावा. अजून एक विचारते. नवरा म्हणतो या वेळी लसीच्या आधीच पॅरासिटॅमॉल देऊ. वजन ४.४ किलो भरलंय. घरात थेंबांची बाटली आहे आणि भाचीचं सिरपही.

चिमणचारा:
आधी देऊन ठेवू नका, तशी शिफारस नाही. ताप आला किंवा दुखतंय असं दिसलं तर मग. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. भाचीचं सिरप बाजूलाच ठेव. बहुतेक थेंबांत १ मिलिला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलिला १२० ते २५०. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीवर लावलं तर औषध दुप्पट-चौपट जातं. बाटलीवरचा आकडा वाच. तुझ्या बाळाला १०० वाले थेंब असतील तर अर्धा मिलि होतो, तरी केंद्रात एकदा दाखवून घे.

आणि सरकारी वेळापत्रकात अडीच महिन्याला एकच सुई आहे, पेंटाची (पाच आजारांवरची एकत्र लस, तीच डाव्या मांडीची 'दुखरी'). बाकी थेंब. तीन सुया परत साडेतीन महिन्याला. तेव्हा उजव्या मांडीची न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) सगळ्यात शेवटी द्यायला सांग, ती टोचताना जास्त चुरचुरते.