रिचर्ड ह्यूज: उंची, वजन आणि उशिरा सोडलेला घोडा
पाच फूट दहा इंच उंचीचा जॉकी फ्लॅट रेसिंगमध्ये (अडथळे नसलेल्या घोड्यांच्या शर्यतींत) टिकला कसा, हा प्रश्न योग्यच आहे. वजनकाट्यावर जॉकी खोगिरासकट उभा राहतो. त्यामुळे शर्यतीत 54 किलो वजन वाहायचं ठरवून दिलेल्या घोड्यावर बसायचं तर अंगाचं वजन त्याहून कमीच लागतं. डब्लिनच्या ह्यूजला ही उपासमार वर्षानुवर्षं करावी लागली. हलक्या वजनाच्या बऱ्याच राइड्स त्यात हातच्या गेल्या.

त्याची खरी ताकद हातांत होती. लगाम सैल ठेवून घोडा मागे निवांत पळवायचा आणि शेवटच्या फर्लांगात (सुमारे 200 मीटर) सोडायचा. घोडा दम राखतो, पण पुढच्यांनी वेग मंद ठेवला तर अंतर कापायला जागाच उरत नाही, किंवा घोडा कोंडाळ्यात अडकतो. मग प्रेक्षकांना वाटतं, जॉकीने मुद्दाम हरवलं.

चाबकाचा मुद्दाही इथलाच. ऑक्टोबर 2011 मध्ये ब्रिटनमध्ये फ्लॅट शर्यतीत जास्तीत जास्त 7 आणि शेवटच्या फर्लांगात 5 फटके असा नियम आला. चार दिवसांत दोनदा निलंबन झाल्यावर ह्यूजने लायसन्सच परत केलं. फर्लांगाची अट त्याच महिन्यात रद्द झाली, आणि तो परतला.

2012 मध्ये मुंबईत त्याच्यावर 50 दिवसांची बंदी आली. सीझनची सुरुवात हुकूनही तो ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी झाला, आणि 2013, 2014 लाही. 15 ऑक्टोबर 2012 ला विंडसरला 8 पैकी 7 शर्यती जिंकल्या! इंग्लिश क्लासिक (इंग्लंडच्या पाच सर्वांत मानाच्या फ्लॅट शर्यतींपैकी एक) मात्र चाळिशीत, 2013 ला: स्काय लँटर्नवर वन थाउजंड गिनीज, मग टॅलेंटवर ओक्स. 2015 ला निवृत्त होऊन तो ट्रेनर झाला.