मदत हवी आहे: कर्ज मुदतीआधी फेडल्यास विमाहप्त्याचा परतावा कोणत्या सूत्राने मिळावा?

नमस्कार. कर्जाबरोबर विकल्या जाणाऱ्या कर्जसुरक्षा विम्यावर (कर्जदाराचा मृत्यू वगैरे झाल्यास उरलेले कर्ज फेडणाऱ्या विम्यावर) सरकारचे नियंत्रण कसे असावे, याविषयी एका ग्राहक गटासाठी मी निवेदनाचा मसुदा तयार करत आहे. परताव्याच्या मुद्द्यावर काम अडले असून विमागणित जाणणाऱ्यांची मदत हवी आहे.

विक्रीच्या पद्धतीबाबत चांगले दाखले आहेत. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2021 पासून मूळ व्यवहारानंतर सर्वसाधारणपणे 4 दिवस उलटल्याशिवाय जोडविमा, म्हणजे कर्ज किंवा वस्तूसोबत विकला जाणारा विमा, विकता येत नाही, तर फ्रान्समधील 2022 च्या कायद्याने गृहकर्जदाराला विमा केव्हाही बदलण्याची मुभा दिली. अमेरिकेने 2010 च्या कायद्यात विम्याचा एकरकमी हप्ता गृहकर्जाच्या रकमेतूनच भरून घेण्यास मनाई केली.

खरी अडचण आहे ती जिथे असा एकरकमी हप्ता अजूनही मुद्दलात मिळवला जातो तिथे. समजा, मुद्दल 100, विमाहप्ता 5, व्याज वार्षिक 12 टक्के आणि मुदत 60 महिने आहे. तर त्या 5 पोटी कर्जदार अखेरीस सुमारे 6.67 भरतो. आता त्याने 24 महिन्यांनी कर्ज पूर्ण फेडले, तर उरलेल्या 36 महिन्यांच्या संरक्षणाचे किती पैसे परत मिळावेत? सरळ मुदतीच्या प्रमाणात मोजले तर विमाहप्त्याच्या 60 टक्के मिळतात, पण महिन्यांच्या अंकांची बेरीज करून मोजण्याच्या जुन्या सूत्राने (1 ते 36 ची बेरीज भागिले 1 ते 60 ची बेरीज) जेमतेम 36 टक्केच हाती येतात. विमा घटत्या शिल्लक रकमेचा असेल, म्हणजे कर्ज फिटत जाईल तशी विमा रक्कमही कमी होत असेल, तर जोखीमही घटत जाते, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र समान मासिक हप्त्यांच्या कर्जात शिल्लक सुरुवातीला हळू उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष शिलकीवरून मोजल्यास माझ्या हिशेबाने हा आकडा 39 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि व्याजदर वाढेल तशी ही तफावत वाढत जाते. विमा रक्कम शेवटपर्यंत कायम असेल, तर जुने सूत्र कर्जदारावर उघड अन्याय करणारे आहे.

म्हणून नियमात एकच सूत्र सक्तीचे करावे, की विम्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी सूत्रे द्यावीत? एकच सूत्र कर्जदाराला पडताळून पाहता येते, हा त्याचा मोठा गुण मला वाटतो. पण ते सूत्र सरळ प्रमाणाचे असेल, तर घटत्या विम्यात जास्तीच्या परताव्याचा भार कंपनी पुढच्या कर्जदारांच्या विमाहप्त्यावर टाकेल का, याचा अंदाज येत नाही.

दुसरी शंका जबाबदारीची आहे. कर्ज कधी बंद झाले हे कर्ज देणाऱ्या संस्थेला आधी कळते, तर विमाहप्ता विमा कंपनीकडे असतो, आणि आपल्या नावे विमा आहे हेच पुष्कळ कर्जदारांना ठाऊक नसते. त्यामुळे अर्जाची वाट न पाहता परतावा देण्याचे बंधन कर्ज देणाऱ्या संस्थेवरच असावे, असे माझे ठाम मत आहे. अशा तरतुदीचा मसुदा कोणी पाहिला किंवा लिहिला असल्यास, त्यात परताव्याची मुदत आणि विलंबावरील व्याज कसे मांडले होते, ते कृपया सांगावे.