टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास, मागच्या सीटवर जास्त

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंड हँड घेतलेली, लाखाच्या जवळ चाललीय. हल्ली टाकी फुल केली की आत पेट्रोलचा वास सुटतो, पुढे बसलेल्याला फारसा कळत नाही पण मागे आई बसते तिचं डोकं धरतं, मळमळतं, नाशिकहून निघालो की घोटीपर्यंत पण धड जाता येत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली आली की वास आपोआप बंद. गाडीखाली थेंब नाही, मायलेज तेवढंच, चेक इंजिनचा दिवा पण लागत नाही. गॅरेजला दाखवली तर एसीचा फिल्टर बदलला, आतून धुतली आणि परफ्यूम लावा म्हणाले. परत पेट्रोल भरलं आणि पहिले पाढे पंचावन्न. आधीच्या मालकाच्या बिलांत फ्युएल पंप बदलल्याचं दिसतंय, त्याचा संबंध असेल का?

स्पॅनरवाला
आधी तो परफ्यूम काढा. वासावरूनच तर लीक शोधायचाय, तो झाकला तर लीक वाढला तरी पत्ता लागणार नाही. आणि सापडेपर्यंत आईंना त्या गाडीत बसवू नका, बेसमेंटमध्ये पण लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा ३ ते ४ पट जड असते त्यामुळे ती खालीच साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की एक ठिणगी बास.

आता तुम्ही लिहिलंय ना की फुल टाकीलाच येतो, अर्धं काम तिथेच झालं. टाकी खालून गळत असती तर कमी पेट्रोलवर पण वास आला असता. म्हणजे फट वरच्या अंगाला आहे, आणि वर असतं काय तर टाकीत बसवलेल्या फ्युएल पंपाचं झाकण, पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी पाइप आणि वाफेच्या बारीक नळ्या. त्यात पंप बदललेला, म्हणजे माझा संशय झाकणाखालच्या रबरी रिंगवर. ती रिंग पेट्रोलमध्ये राहून फुगते, एकदा काढली की खाचेत परत नीट बसत नाही, म्हणून झाकण उघडलं की नवीनच टाकायची असते. बरेच जण तीच दाबून बसवतात आणि वरून सिलिकॉन फासतात, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकतच नाही.

बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागची सीट उचलली की पत्र्याचं किंवा रबराचं छोटं झाकण दिसतं, त्याच्याखाली पंप. बघायचं असेल तर मोकळ्या जागेत, दारं उघडी ठेवून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बघा. पंपाभोवती धूळ असतेच, लीक असेल तिथे ती ओली, काळपट दिसते. फक्त बघा, उघडू नका. उघडायचं ते टाकी पाव भाग असताना आणि लाइनचं प्रेशर काढून, म्हणजे पंपाचा फ्यूज काढायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. इंजेक्शनच्या गाडीत लाइनला ३ बारच्या वर प्रेशर असतं, तसाच पाइप ओढला तर तोंडावर फवारा येतो.

घाटवाट
माझ्या गाडीत उलटं होतं, वास पुढून यायचा, सकाळी स्टार्ट करून ब्लोअर लावला की. बॉनेट उघडलं तर इंजेक्टरकडे जाणारा पाइप उंदराने कुरतडलेला, गरम इंजिनवर बारीक धार! कोणाला ब्लोअरमधून वास येत असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि टो करून न्या, चालवत नेऊ नका. आणि पाइप बदलताना इंजेक्शनचाच घ्या, कार्बोरेटरवाला स्वस्त पाइप त्या प्रेशरला फुटतो.

भरतीओहोटी
गोदाकाठ, टाकी भरली की पंपावरचं नोझल आपोआप बंद होतं, त्या ऑटो कटनंतर तुम्ही "राउंड फिगर करा" म्हणता का? ती सवय आधी सोडा. टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात जाते आणि तिथून पर्ज व्हॉल्व्ह नावाच्या विजेवर चालणाऱ्या झडपेमार्गे इंजिनात जाऊन जळते. काठोकाठ भरलं की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं, कोळसा भिजला की तो वाफ धरत नाही आणि फुल टाकीला वास येतोच. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होत नसेल, गुरगुरत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघा. करंट नसताना तो बंद पाहिजे, नळीचा स्वच्छ तुकडा लावून फुंकायचं, हवा पलीकडे गेली तर व्हॉल्व्ह गेला. फुंकायचंच हं, ओढायचं नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सीट उचलली तर पंपाच्या एका बाजूची धूळ ओली आणि रिंगच्या कडेने पांढरं सिलिकॉन बाहेर आलेलं, स्पॅनरवाला दादा तुम्ही म्हणालात तेच. दुसऱ्या मेकॅनिककडून नवीन ओरिजिनल रिंग टाकून घेतली, रिंग अगदीच स्वस्त, मजुरीच जास्त. भरायच्या नळीचा रबरी पाइप पण चिरलेला निघाला, तो पण बदलला. ऑटो कटला थांबून टाकी भरली, वास नाही. एक विचारायचंय, हे इ२० पेट्रोलमुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे झालं असेल का?

स्पॅनरवाला
रिंगचं कारण सिलिकॉनचा जुगाड, त्यात शंका नाही. पाइपचं म्हणाल तर इतक्या वर्षांचं रबर तसंही कडक होतं, पण तुमची गाडी इ२० साठी बनलेली नाही हे पण खरं, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर-प्लॅस्टिक त्या हिशोबाने येतं. त्यामुळे दर सर्व्हिसला इंजिनजवळचे पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा (गोल रबरी रिंगा) बघायला सांगा. आणि आता टाकी फुल आहे तोवर एकदा घाटात चढ-उतारावर नेऊन या, पेट्रोल हिंदकळतं तेव्हाच झाकणाची खरी परीक्षा होते. आल्यावर सीट उचलून धूळ कोरडी आहे का बघा, मग आईंना बसवा.