अनुभव धागा: सोलापूरकरांनो, मनोऱ्यावरचा तुमचा डाव सांगा

मे महिन्यात आमच्याकडं दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा ४३-४४, पंखा गरम वारा फेकतोय, घरातली सगळी आडवी झालेली. असल्याच एका दुपारी मी 'स्ले द स्पायर' पहिल्यांदा उघडला आणि दिवेलागणीपर्यंत चौदा वेळा मेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँथनी जिओव्हानेटी आणि केसी यानो या दोघांच्या मेगा क्रिट स्टुडिओनं नोव्हेंबर २०१७ मध्ये हा गेम अर्धवट तयार असतानाच विक्रीला काढला, खेळणाऱ्यांचं ऐकत, आकडे बघत तो घडवला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण केला. राक्षसांनी भरलेला मनोरा चढायचा, पण लढायचं पत्त्यांनी. दर हाताला पाच पानं आणि ती टाकायला तीन एनर्जी. लढाई जिंकली की तीन पानं समोर येतात, त्यातलं एक घ्या किंवा सोडून द्या. मेलात की सगळी जुडी गेली, परत तळापासून.

कौतुक नको, प्रसंग हवेत. हा गेम नेमका कधी कळला किंवा कधी डोक्यात गेला ते सांगा. याच जातीचा दुसरा गेम असला तरी चालेल.

माझं आधी सांगून टाकतो. पहिल्याच टप्प्यात ग्रेमलिन नॉब नावाचा आडदांड भेटतो. मी आयर्नक्लॅड नावाचं पात्र घेतलेलं, ८० जीव, मस्तीत. पहिल्या हाताला तो नुसता ओरडला. दुसऱ्या हाताला मी शहाण्यासारखं डिफेंड, म्हणजे मार अडवायचं पान टाकलं, तर त्याची ताकद दोननं वाढली. घाबरून अजून एक डिफेंड टाकलं. अजून दोन. स्किल जातीचं कुठलंही पान टाकलं की हा चिडतो, हे त्याच्या चिन्हावर बोट ठेवलं असतं तर वाचायला मिळालं असतं. मी काय ठेवतोय! आमच्या गल्लीत एक काका होते, 'जाऊ द्या काका' म्हटलं की जास्त पेटायचे. मरताना त्यांचीच आठवण आली.

आता तुम्ही. नावाऐवजी आपला भाग लिहा. मधे स्वतंत्र ओळीत कंसात बोलेन तो मी.

साखर पेठ

आमचं घर मागाचं. आजोबा चादरीच्या मागावर, वडीलही. आता माग विकले, पण माळ्यावर जेकार्डची एक माळ अजून आहे, मोराच्या नक्षीची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. जाड पुठ्ठ्याचे लांब पत्ते असतात, त्यांना भोकं पाडलेली, आणि सगळे दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक दोरा. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा दोरा, वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून बाणा घेऊन धोटा जातो, मग पुढचा पत्ता. माळ संपली की पहिल्यापासून सुरू, आणि चादरीवर दुसरा मोर उमटायला लागतो.

मी सायलेंट नावाचं पात्र घेऊन खेळायचो आणि दिसेल ते पान उचलायचो. फुकट मिळतंय, सोडायचं कशाला? एका रात्री ३२ पानांची जुडी घेऊन बसलो होतो, वडील मागं येऊन उभे राहिले.

"एवढे पत्ते? ह्यात मोर कुठाय?"

मला आधी कळलंच नाही. मग मी त्यांना कॅटॅलिस्ट दाखवलं, विष दुप्पट करणारं पान. सायलेंटचं विष असं चालतं: राक्षसावर १० विष असेल तर त्याच्या पाळीला १० मार बसतो, मग ९, मग ८. तेवढा टिकला तर एकूण ५५. कॅटॅलिस्ट टाकून १० चं २० केलं तर एकूण २१०. म्हणजे विष दुप्पट, मार जवळजवळ चौपट. हाच माझा मोर. आणि तो ३२ पानांत कुठंतरी बुडालेला.

वडील म्हणाले, "माळ एवढी लांब केल्यावर मोर परत यायचा कधी?"

दुसऱ्या दिवसापासून मी पानं नाकारायला लागलो. शिवाय गेममधल्या दुकानात पैसे भरून स्ट्राइक, म्हणजे साधी माराची पानं, काढून टाकायला लागलो. एक पान काढायचे ७५, आणि दर वेळी २५ नं भाव चढतो. वडिलांना हे भलतंच वाटलं. "आमच्यात पंचिंगवाला पत्ता घालायचे पैसे घ्यायचा, हा काढायचे घेतो?" तरी बरं, त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा तिसरा टप्पा पार केला. मागावर क्रम ठरलेला असतो आणि इथं पानं पिसलेली, हे मात्र वडिलांना आजही पटत नाही. पिसलेल्या माळेतून चादर निघत नाही, चिंध्या निघतात, असं त्यांचं म्हणणं.

विजापूर रोड, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष

साखर पेठेतल्या काकांचं म्हणणं गणितानं मांडतो. जुडीत १० पानं असतील तर ठरावीक पान पहिल्या पाचात यायची शक्यता निम्मी. २० झाली की चौथा हिस्सा. दोन ठरावीक पानं एकाच वेळी हवी असतील तर १० च्या जुडीत शंभरातून २२ वेळा येतील, २० च्या जुडीत ५ वेळा. जुडी दुप्पट केली तर जोडी चौपट दुर्मिळ. विषाच्या उलटं!

(हा हिशोब वाचून मी माझी जुडी उघडून बघितली. २९. गप्प बसलो.)

होटगी रोड

या गेमला कुणी आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, म्हणतं ते मला पटत नाही. गाव नाही, माणसं नाहीत, सुरुवातीला तो निओ नावाचा देवमासा चार शब्द बोलतो तेवढंच. मेलं की पात्र पण गेलं. मग मी कुणाची भूमिका करलालोय? पत्त्यांची?

जुळे सोलापूर, दोन मुलांची आई

होटगी रोडवाल्या भावोजींशी सहमत, म्हणून मी 'स्टीमवर्ल्ड क्वेस्ट'कडं वळले. तोही २०१९ चाच. वाफेवर चालणाऱ्या यंत्रमाणसांची परीकथा आहे, गोष्ट आहे, आणि मेलं तर शेवटच्या जतन केलेल्या जागेवरून परत. पोरांना शाळेत सोडून आल्यावर मला तेवढाच वेळ असतो, त्यात कुणी माझं सगळं पुसून टाकलेलं मला चालत नाही.

यात तीन जण सोबत लढतात, प्रत्येकाची आठच पानं. नववं आवडलं तर आधीचं एक बाहेर. साधी पानं टाकली की वाफ साठते, मोठी पानं ती वाफ खातात. एका हाताला तीन पानं टाकायची, आणि तिन्ही एकाच नायकाची पडली तर चौथं त्याच्याकडून बक्षीस. त्यामुळं एकाकडूनच सगळं करून घ्यायचा मोह होतो, आणि बाकीचे दोघं नुसते उभे. (घरात पण हेच चालतं, असो.)

खटकलं तेही सांगते. पात्रं फार बोलतात. आणि एकदा चांगली आठ-आठ पानं जमली की मी पुढं कितीतरी वेळ तीच खेळत राहिले, बदलायची गरजच पडली नाही. स्पायरमध्ये असं आळसावता येत नाही, ते खरं.

बाळीवेस, भाच्याच्या नजरेतून

माझी आत्या मेंढीकोटची बादशहा आहे. दहिल्या कुणाकडं आहेत ते तिला चेहऱ्यावरून कळतं. तिच्या हातात टॅबलेट दिला आणि नियम सांगायला लागलो.

"समोरचा पुढं काय करणार ते त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं?"

"हो आत्या."

"मग ह्यात खेळ कसला! उघड्या पानांनी तर पोरंपण खेळतील."

मग खेळायला बसली. लढाई जिंकली, तीन पानं समोर आली. म्हणाली नको. दुसरी जिंकली. नको. "वाटलेली पानं चांगली आहेत की, उगं हावरटपणा कशाला?" मी धाग्यातल्या वरच्या सगळ्या शहाणपणावर विश्वास ठेवून गप्प बसलो. पाच स्ट्राइक, चार डिफेंड आणि एक बॅश, एवढ्या दहा पानांवर ती पहिल्या टप्प्याच्या शेवटापर्यंत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथं स्लाइम बॉस. हिरवट, चिकट, १४० जीव. निम्मा मारला की त्याचे दोन होतात, आणि त्या दोघांना निम्मं मारलं की परत त्यांचे दोन-दोन. आत्या चिडली. "मारलं की वाढतंय, ही कसली रीत? झुरळं आहेत का?" आणि मेली.

टॅबलेट परत देताना जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मेंढीकोटात निदान वाटणाऱ्याला शिव्या घालता येतात रे. इथं पानं तूच निवडायची, तूच खेळायची. हरल्यावर चिडायचं कुणावर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅबलेट सापडेना. आत्याच्या उशीखाली होता.

शेळगी

मी एक पाप कबूल करतो. लढाईच्या मध्येच गेम बंद पडला तर परत उघडल्यावर तीच लढाई पहिल्यापासून सुरू होते, पहिला हातही तोच येतो. माझा डेस्कटॉप, यूपीएस नाही. आमच्याकडं लाइट नेमकी मी हरताना जाते. मित्र म्हणतो, "काय बे, तुझ्या एकट्याच्याच घरची कशी जाते?"

(पाप तर पाप. पण एकच लढाई चार वेळा खेळून मी जेवढं शिकलो तेवढं चार नव्या डावांत शिकलो नसतो, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी वाद घालावा.)

अशोक चौक

वाद घालतो. हरायची भीती गेली की दुकानात थांबून विचार करायची गरजच राहत नाही. मग मिनिटाला एक पान टाकायचं आणि चुकलं की वायर उपटायची. त्यापेक्षा झब्बू खेळा.

दमाणी नगर, धाकटा भाऊ हिंजवडीत

आम्ही दोघं लहानपणी एकाच खोलीत वाढलो, आता फोनवर 'जेवलास का' च्या पुढं बोलणं सरकत नव्हतं. मग त्यानं सीडचा नाद लावला. प्रत्येक डावाला एक अक्षर-आकड्यांचा संकेत असतो. तो टाकला की दोघांना तोच मनोरा, तेच राक्षस, आणि पात्रही एकच घेतलं तर तेच पहिले तीन पर्याय. शनिवारी रात्री दोघंही सुरू करतो आणि फोन चालू ठेवतो.

एकाच सीडवर आम्ही दोघं कधीच सारखे पोचलो नाही. तो वॉचर हे पात्र घेतो आणि रॅथ नावाच्या अवस्थेत शिरतो, म्हणजे मार दुप्पट द्यायचा आणि दुप्पटच खायचा, आणि बाहेर पडायचं पान हातात नसताना शिरतो. मी ओरडतो. तो म्हणतो, "दादा, येईल पान." लहानपणी पेट्रोलचा काटा लाल असताना गाडी अक्कलकोटपर्यंत नेणारा हाच. मी विश्रांतीच्या जागी नेहमी झोपून तीस टक्के जीव भरून घेणारा, तो कायम पान सुधारून पुढं जाणारा. एकदा मी पूर्ण जीव घेऊन मेलो, म्हणजे झोपायची गरज नसताना झोपलो आणि पानं कच्चीच राहिली. त्या रात्री त्यानं काही न बोलता नुसतं हसून फोन ठेवला.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आला होता. एका पडद्यासमोर बसून खेळायला गेलो तर दोन तासांत भांडण. फोनवरच बरं.

कुंभारी

शाळेत सेमी इंग्रजी होतं तरी 'व्हल्नरेबल' शब्द मला ह्या गेमनं शिकवला. मार दीडपट बसतो म्हणजे व्हल्नरेबल. 'डिस्कार्ड' आणि 'एक्झॉस्ट' यातला फरक पण. पहिलं पिसल्यावर परत येतं, दुसरं त्या लढाईत येत नाही. अम्मा विचारते, फोनमध्ये काय वाचलालास एवढं. अभ्यास, म्हणतो.

सात रस्ता

मध्ये घुसतो, माफ करा, आत्ता लढाई चालू आहे. टाइम ईटर, तिसऱ्या टप्प्याचा बॉस. आपण बारा पानं टाकली की खेळणाऱ्याची पाळीच संपवतो तो. माझी ११ झालीत. एनर्जी एक. हातात स्ट्राइक आणि डिफेंड. त्याच्या डोक्यावर २६ चा मार दिसतोय. बारावं न टाकता पाळी सोडू का?

(सोडू नकोस. मोजणी पुढच्या पाळीला तशीच चालू राहते, तू पहिलंच पान टाकशील आणि पाळी संपेल. बारावं आत्ताच टाक, शून्यापासून सुरू होईल. जीव किती? ब्लॉक, म्हणजे मार अडवणारी ढाल, आहे का?)

जीव २४. ब्लॉक शून्य. पण बारावं टाकलं की त्याची ताकद दोननं वाढते ना?

(वाढते. २६ चे २८ होतील. डिफेंडचे पाच वजा केले की २३.)

थांबा.

टाकलं.

एक उरला. ह्यावेळी चारच पानं आलीत हाताला.