मदत हवी आहे: फियाट ट्रॅफिकमध्ये बंद पडते

दादर_पूर्व: इंजिन उतरवून पूर्ण काम केलंय, कार्ब्युरेटर नवा, रंगही झाला. तरी सायनच्या सिग्नलला आचके देऊन बंद पडतेच. मागे बेस्टची बस बोंबलतेय, घामाच्या धारा! अर्ध्या तासाने आपोआप सुरू. रोज ऑफिसला न्यायचीय, शोभेला ठेवायची नाहीये. मिस्त्री म्हणतो रेडिएटर बदला. शनिवारच्या आत सांगा.

काळी_पिवळी: मॉडेल कुठलं? इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप मूळचा की इलेक्ट्रिक? पाणी उकळतं का?

दादर_पूर्व: डुक्कर फियाटच हो, आजोबांची, १९६६ची. पंप मूळचाच. पाणी उकळत नाही.

जुना_कुर्लेकर: १९६६ची डुक्कर कशी असेल! ते त्याआधीचं मॉडेल. डुक्करचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. तुमची त्यानंतरची, डिलाइट मॉडेल. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. घराणं इटलीचं, पण जन्म आमच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात.

काळी_पिवळी: दरवाज्यांमुळे गाडी बंद पडते का काका? उकळत नाही म्हणजे व्हेपर लॉक. पंप इंजिनालाच चिकटलेला, उभ्या ट्रॅफिकमध्ये तापतो, आत पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटर कोरडा. बाबांच्या टॅक्सीत मे महिन्यात पंपावर ओलं फडकं कायम असायचं.

स्पार्क_प्लग: फडकी कसली गुंडाळताय? स्पार्कला वीज देणारी कॉइल तापली तरी हेच होतं. माझे तीन रविवार पंपात गेले आणि खराब निघाला स्पार्कचाच कंडेन्सर. बंद पडली की लगेच स्पार्क बघा, थंड झाल्यावर बघून उपयोग नाही.

फाइलवाला: ५० वर्षांवरची आहे तर व्हिंटेज नोंदणी करून टाका. २० हजार फी, ‘व्हीए’चा नंबर मिळतो.

काळी_पिवळी: आणि मग ऑफिसला बसने जा! ती नोंदणी रॅली-प्रदर्शनापुरती, रोज चालवायला बंदी.

जुना_कुर्लेकर: २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे ह्याच फियाटच्या पुढच्या अवताराची टॅक्सी गेली तेव्हा फार वाईट वाटलं हो.

दादर_पूर्व: काल माटुंग्याला बंद पडली. स्पार्क चांगला निळा. बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून पंपावर ठेवलं, पाच मिनिटांत सुरू! रेडिएटर वाचला. फक्त पेट्रोलच्या पाइपला हात लागला तर बोटं काळी झाली.

काळी_पिवळी: तो पाइप आजच बदला, शनिवार कसला बघताय! आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, जुनं रबर टिकत नाही. तापलेल्या इंजिनावर गळलं तर पेट घेईल. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदाही बघून घ्या.

दादर_पूर्व: पण बिलात ‘पाइप नवीन’ लिहिलंय!!

स्पार्क_प्लग: कंडेन्सरही बदलाच.