कोरडे डोळे आणि लेन्स: तुमचं कसं जमतं?

तलावपाळी: कपाट आवरताना लेन्सची जुनी डबी सापडली. गडकरीला एकांकिका होती म्हणून पहिल्यांदा घेतलेल्या. पुढे ऐरोलीला नोकरी लागली, डोक्यावर एसीचा झोत, चार वाजले की डोळ्यांत रेती. मग चष्मा लागला तो लागलाच. आता भाचीच्या लग्नात पुन्हा लावायच्या मनात आहे. कोरडे डोळे असून लेन्स वापरणाऱ्यांनी लिहा बरं.

घोडबंदरचा_धुरळा: डेली घे, डोळे झाकून 😄 रात्री काढायची, कचऱ्यात टाकायची (बेसिनमध्ये नको). मंथलीवर थर बसतो तो मला सोसत नाही. महाग पडतात, म्हणून ऑफिस असेल तेव्हाच. घरून काम असलं की चष्मा. बाइकवर हेल्मेटची काच खाली, आमच्या रस्त्याला पर्याय नाही.

चष्मिष_काकू: माझ्या तर डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि डॉक्टर म्हणे कोरडे आहेत! सासूबाई विचारायच्या, काय गं, रडतेस कशाला. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की अश्रू टिकत नाहीत, उडून जातात. मग डोळा चुरचुरतो आणि आणखी पाणी सोडतो. रोज रात्री गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने शेक, दहा मिनिटं, मग पापण्या हलक्या हाताने चोळायच्या. कंटाळा येतो. पण त्यानेच फरक पडला. कुकर झाला, येते नंतर

ऐरोली_सेक्टर: मामलेदारची मिसळ खा. आपोआप ओले.

चष्मिष_काकू: @ऐरोली_सेक्टर आणि त्याच बोटांनी लेन्स काढ, मग सांग

वाशीची_ऑप्टो: डोळे तपासायचंच काम करते म्हणून लिहिते. दुकानातून कुठलेही थेंब उचलू नका. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले थेंब सॉफ्ट लेन्स शोषून घेते आणि डोळ्याला चोळत बसते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या कुप्या मिळतात, त्या घ्या. लाली घालवणारे थेंब तर नकोच. आधी तपासून घ्या: खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवतात, १० मिमीपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी पडतायत असा संशय. जास्त पाण्याची लेन्स बरी, हाही गैरसमज. ती सुकते तेव्हा डोळ्यातलंच ओढते. आणि स्क्रीनसमोर पापण्या पूर्ण मिटा. एरवी मिनिटाला १५ च्या आसपास मिटतात, तिथे निम्म्यावर येतात.

तलावपाळी: हे वाचताना मी चार वेळा मिटल्या 😂

घोडबंदरचा_धुरळा: सर्दीची सिट्रिझिन घेतली की माझे ठणठणीत कोरडे. त्या दिवशी लेन्स नाही म्हणजे नाही.

खाडीपलीकडची: भावाला केराटोकोनस आहे (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं), त्याच्या स्क्लेरल लेन्स, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या. मोठ्या, कडक. लेन्सच्याच वाटीत सलाइन भरायचं, मान खाली घालून डोळ्याला लावायची, बुडबुडा राहिला की परत पहिल्यापासून. काढायला चिमुकला रबरी सक्शन कप. बघूनच मला घाम फुटतो. पण दिवसभर डोळा त्या सलाइनमध्ये बुडलेला, त्यामुळे खूप कोरड्या डोळ्यांनाही देतात म्हणे.

कोपरखैरणेकर: नळाचं पाणी लावू नका कुणी. आमचं मोरबे धरणाचं कितीही चांगलं असलं तरी. पाण्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव बुबुळाची वाट लावतो.

ऐरोली_सेक्टर: मोरबेचं कौतुक पुरे, आमच्याकडे काल आलंच नाही

कोपरखैरणेकर: टाकी साफ करत असतील. सोसायटीच्या ग्रुपवर बघ ना

वाशीची_ऑप्टो: लेन्स साफ करायला पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असाल तर लेन्स त्याच्याच डबीत, पूर्ण ६ तास. त्याआधी डोळ्यात घातली तर भयंकर आग होते. सोसत असेल तर कोरड्या डोळ्यांना हे चांगलं, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

तलावपाळी: ठरलं. आधी तपासणी, मग डेली, तेही लग्नापुरत्या.

चष्मिष_काकू: आले. होमाच्या धुराशी बसू नकोस. हॉल कुठला गं?

तलावपाळी: पाचपाखाडी. पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने या.