पसरणी घाट, पाऊस आणि पहिली रेस: उतारालाच भीती वाटतेय

नवखा_रोडबाइकवाला

मंडळी, पुढच्या रविवारी आयुष्यातली पहिली रेस. वाई ते महाबळेश्वर आणि परत, साधारण ६५ किमी, ऐन ऑगस्टात. सायकल सेकंडहँड, रिम ब्रेक (म्हणजे पॅड चाकाच्या धातूच्या कडेवर, रिमवर दाबले जातात ते), २५ मिमीचे टायर. चढाचं काही वाटत नाही, पसरणी आठवड्यातून दोनदा होते. काल मुद्दाम पावसात गेलो. पाचगणीपर्यंत मजेत. उतरताना दुसऱ्याच वळणाला ब्रेक दाबला तर सायकल ऐकेचना! कठड्याच्या हातभर अलीकडे थांबलो. कठड्यावरचं माकडसुद्धा उठून गेलं.

टायर गुळगुळीत आहेत म्हणून असं होतं का? नक्षीवाले घेऊ? की नावच काढून घेऊ? फी बुडेल, पण आई खूश होईल.

सातारचे_काका

नाव काढू नकोस आणि टायरवर पैसेही घालवू नकोस. नक्षी मोटारीला लागते. सायकलचा टायर अरुंद, आत दाब भरपूर. तो पाण्यावर तरंगायला जो वेग लागतो तो तुझ्यामाझ्या पायांत नाही.

घोटाळा रिमवर आहे. रिम भिजली की पॅड आधी नुसतं पाणी पुसतात, चाकाचा एखाददुसरा फेरा त्यातच जातो. पकड नंतर. तू कोरड्यातल्या सवयीनं वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबलास. त्याऐवजी सायकल सरळ असतानाच, बरंच आधी, दोन्ही ब्रेक हलके टेकवून ठेव. रिम पुसली गेली की दाब. वेग काय कमी करायचा तो तिथेच. वळणात शिरल्यावर बाहेरचा पाय खाली, त्यावर भार, आणि नजर जायचंय तिकडे. कठड्याकडे बघशील तर कठड्यावरच जाशील.

चार वर्षांमागे याच घाटात मी पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक मारला. पडलो हे कळलंच नाही, वाटलं मागून कुणी ओढलं. कोपरात डांबराचा काळा ठिपका अजून आहे, नातू त्याला तीळ समजतो. पट्टे, लोखंडी झाकणं, कडेचं शेवाळ, यांवरून सायकल तिरकी करायची नाही. पाण्यावर रंगीत तवंग दिसला की डिझेल समजायचं.

हवा १०० पीएसआय भरत असशील तर ८५ कर.

नाशिकची_चाकं

काका, हवेचं सरसकट नका सांगू. मी ५२ किलोची, पावसात ७० ठेवते. पण ८५ किलोच्या गड्यानं तेवढी ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब चिमटणार. दादा, आधी वजन सांग.

आणि चढाला जाकीट घालू नकोस, पावसाच्या आधी घामानं भिजशील. घडी करून पाठीच्या खिशात ठेव, महाबळेश्वरला वळताना घाल. जाकीट नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र. हसू नका, युरोपातले रेसर घाटमाथ्यावर हेच करत आलेत. १९८८ च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, गाविया घाटात बर्फ पडत होता. टप्पा ब्रॉयकिंकनं जिंकला, एकूण शर्यतीत पुढे असणाऱ्याची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनला मिळाली, आणि बाकीचे कित्येक जण उतारावर गारठून कुडकुडत होते. आपल्याकडे बर्फ नाही, पण बोटं बधिर झाली की ब्रेक दाबणार कशानं?

चष्मा असेल तर हेल्मेटखाली चोचवाली टोपी घाल.

पंक्चर_पुणे

ओल्या टायरला काच चिकटून येते, दोन ट्यूब घे. मागे लाल दिवा हवाच, वर धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. आणि उताराची वेळ धरणार आहेत का ते आयोजकांना आधी विचार. नसतील धरणार तर भांडणच मिटलं.

नवखा_रोडबाइकवाला

वजन ६८, ताई. हवा ८५ ठेवली. आणि हो, उताराची वेळ धरली.

झाली रेस. त्रेचाळिसावा आलो. चढात सतरा जणांना मागे टाकलं, उतारात बावीस जण पुढे गेले. मोजत होतो, दुसरं काही करायचं धाडस नव्हतं. दोन्ही लिव्हरवर दोन-दोन बोटं, तोंडानं "आधी पुसायचं, मग दाबायचं". एक जण "बाजूला हो" ओरडत गेला, तीन वळणं खाली तोच चिखलात मांडी घालून बसलेला. सायकल उचलून दिली. हँडल वाकलं होतं, माणूस धड होता.

जाकीट नव्हतंच. आईनं कालचा पेपर दिला, तोही घडी घालून, इस्त्री केल्यासारखा. घरी येऊन जर्सी काढली तर छातीवर राशिभविष्य उलटं उमटलेलं. आई आरशात वाचत होती, माझी रास नेमकी पुसट.

काका, एकच राहिलं: काल धुऊन पुसून ठेवली, पण आज पॅडल मारताना खालून करकर येतेय.

सातारचे_काका

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्या जिथे फिरतात तो सांधा, उघड. आत पाणी आणि पसरणीची माती निघेल. तोवर चालवू नकोस.